उरणची गाडी आणि कागदावरचं शहर

मुलांनो, उरण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मुंबईची मुलं म्हणतील, ‘घारापुरीची लेणी!’ बरोबर आहे, घारापुरी बेट उरण तालुक्यातच येतं. अलिबागकडची मुलं म्हणतील, ‘रेवसहून करंजाला जाणारी लाँच!’ खवय्ये मंडळी जिताड्याच्या आठवणीनंच ओठांवरून जीभ फिरवतील. आणि भूगोलाचा अभ्यास नीट केलेली मुलं हात वर करून सांगतील, ‘न्हावाशेवा बंदर!’

सगळीच उत्तरं बरोबर. पण आज मी तुम्हांला उरणच्या वाटेवर मांडलेल्या एका खेळाची गोष्ट सांगणार आहे. या खेळाचा पट आहे तब्बल ३४४ चौरस किलोमीटरचा. खेळाचं नाव, ‘नवं शहर उभारा’. यातले काही डाव छान रंगले, काही वर्षानुवर्षं रखडले, आणि एक फार मोठा डाव चक्क फसला. तो कसा फसला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे कळायला हवं. त्यासाठी नेरूळ स्टेशनात या. उरणची लोकल लागलीय, खिडकीजवळची जागा पकडा!

खाडीपलीकडे

गाडी सीवूड्स सोडते आणि थोड्या वेळानं पनवेल खाडीचा पूल लागतो. दोन्ही बाजूंना खारफुटीची दाट हिरवी झाडी. भरती असेल तर पाणी झाडांच्या कमरेपर्यंत, ओहोटी असेल तर नुसता चकचकीत चिखल आणि त्यात पाय रोवून उभे असलेले बगळे.

खाडी ओलांडली की एकदम उंच उंच इमारती दिसायला लागतात. हे उलवे. बामणडोंगरी, खारकोपर अशी इथली स्टेशनं. नावं ऐकूनच कळतं, की मूळची ही खाऱ्या पाण्याकाठची गावं. जवळच नवी मुंबईचा विमानतळ आहे. त्याच्यासाठी उलव्याचा अख्खा डोंगर कापला, उलवे नदीचं पात्र वळवलं, दहा गावं हलवली. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्‌घाटन झालं आणि डिसेंबरात प्रवासी विमानं उडू लागली.

आता या गाडीचीच गंमत ऐका. हा सगळा लोहमार्ग फक्त सत्तावीस किलोमीटरचा. त्याला मंजुरी मिळाली १९९० च्या दशकात. खर्चाचे तीन भाग करायचे, साधारण दोन भाग सिडकोनं द्यायचे आणि एक रेल्वेनं, असं ठरलं. पण कुठं जमीन मिळेना, कुठं खारफुटी तोडायची परवानगी मिळेना. खारकोपरपर्यंतची गाडी सुरू झाली ११ नोव्हेंबर २०१८ ला, आणि उरणपर्यंतची १२ जानेवारी २०२४ ला. म्हणजे मंजुरीच्या वेळी जो मुलगा पहिलीत पाटी घेऊन जात होता, तो तिशी ओलांडून आपल्या मुलाचं बोट धरून या गाडीत चढला असेल! आहे की नाही कमाल?

पण ‘सिडको’ म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं.

मुंबईची गर्दी वाढत चालली, तेव्हा १९६५ साली चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी ‘मार्ग’ नावाच्या नियतकालिकात एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबतच जातेय, त्यापेक्षा खाडीपलीकडे एक जुळं शहर वसवावं. सरकारला ती पटली. १७ मार्च १९७० ला सिडको ही कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरवण्यात आली. वाशी, नेरूळ, बेलापूर, उलवे, असे शहराचे तुकडे पाडले. त्यांना म्हणतात नोड. अगदी दक्षिणेचा, उरणला चिकटलेला नोड म्हणजे द्रोणागिरी.

संगणकातलं शहर

तुमच्यापैकी कितीजणांनी संगणकावर शहर वसवण्याचा खेळ खेळलाय? पडद्यावर हिरवी मोकळी जमीन येते. तुम्ही रस्ते आखायचे, घरं कुठं, कारखाने कुठं ते ठरवायचं, पाणी आणि वीज पोचवायची. या प्रकारचा सगळ्यांत गाजलेला खेळ म्हणजे ‘सिमसिटी’. अमेरिकेतल्या विल राइटनं तो बनवला. सुरुवातीला प्रकाशकाला पटेना. यात ना कुणी जिंकत, ना कुणी हरत, मग असा खेळ विकत कोण घेणार? शेवटी ‘मॅक्सिस’ कंपनीतर्फे तो १९८९ साली बाजारात आला आणि जगभर गाजला. योगायोग बघा, आपलं न्हावाशेवा बंदरही त्याच वर्षी सुरू झालं.

पुढं मॅक्सिस आणि तिची मालक कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स यांनी याच खेळाची भलीमोठी नवी आवृत्ती करायचं ठरवलं. कल्पना अशी, की शहरातला प्रत्येक माणूस पडद्यावर खराखुरा चालेल, कामावर जाईल, घरी येईल. आणि खेळायला इंटरनेट सतत जोडलेलंच हवं. मार्च २०१३ मध्ये खेळ आला. लोकांनी एकदम उड्या मारल्या आणि कंपनीचे संगणक कोलमडले. पैसे मोजलेले लोक रांगेत ताटकळले. शहराला दिलेली जागाही इतकी लहान, की थोड्याच वेळात कुंपणाशी येऊन शहर अडायचं.

सगळ्यांत मजेशीर चूक तर पुढंच आहे. खेळातला माणूस संध्याकाळी कामावरून सुटला, की आपल्या घरी जायचाच नाही! वाटेत जे पहिलं रिकामं घर दिसेल त्यात शिरायचा. दुसऱ्या दिवशी जी पहिली रिकामी नोकरी दिसेल ती धरायचा. त्याला ना स्वतःचं घर, ना गाव, ना शेजारी.

पहिल्या दोन आठवड्यांत खेळाच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या, पण नाव गेलं ते गेलंच. इंटरनेटशिवाय खेळायची सोय करायला वर्ष लागलं. मार्च २०१५ मध्ये मॅक्सिसचं मुख्य कार्यालय बंद झालं. आणि त्याच महिन्यात फिनलंडमधल्या एका छोट्याशा कंपनीचा, ‘सिटीज: स्कायलाइन्स’ नावाचा, शहर वसवण्याचाच खेळ आला आणि महिनाभरात त्याच्या दहा लाख प्रती संपल्या.

मोठ्या कंपनीकडं पैसा होता, हुशार माणसं होती, नाव होतं. मग अडलं कुठं? शहर मांडताना माणसाला घर असतं, हेच हिशेबात धरलं नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा. उरणच्या वाटेवर आपल्याला ते पुन्हा लागणार आहे.

माझ्या वर्गात मी एकदा मुलांना चौकटीच्या वहीत शहर मांडायला सांगितलं. विमानतळ सगळ्यांनी काढला. मॉल सगळ्यांनी काढला. कचरा टाकायची जागा एकानंही ठेवली नाही, आणि आधीपासून तिथं गाव असेल हे तर कुणाच्या मनातही आलं नाही. वहीचं पान कोरंच असतं ना!

पण जमीन कधी कोरी नसते. द्रोणागिरी नोडची जमीन मोकळी दिसायची खरी. ती होती खारजमीन. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घातले होते. बांधात उघाडी असते. भरतीला तिचं दार मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. बांध फुटला, तर सगळं गाव घमेली-फावडी घेऊन धावायचं. अशा जमिनीत भात पिकायचा, डबक्यांत जिताडा वाढायचा. बाजूला मिठागरं. मिठाच्या आगरांवर राबणारे म्हणून आगरी, असं इथल्या आगरी समाजाचं नाव सांगतात. किनाऱ्याला कोळीवाडे. हे सगळं नकाशावर एका रंगाच्या ठिपक्यानं दाखवलं जातं, बस्स.

जासईचा वळसा

गाडीच्या वाटेजवळच जासई नावाचं गाव आहे. उरणला जाणाऱ्या प्रत्येक मुलानं हे नाव माहीत करून घ्यावं. दिनकर बाळू पाटील, म्हणजे लोकांचे ‘दि. बा.’, याच गावचे. १३ जानेवारी १९२६ ला ते जन्मले. शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, आमदार झाले, खासदारही झाले.

नव्या शहरासाठी जमिनी घेताना शेतकऱ्यांना मिळणारा मोबदला फारच तुटपुंजा होता. जमीन गेल्यावर खायचं काय, हा प्रश्न होता. दि. बां.च्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. दरवर्षी या दिवशी जासईच्या परिसरात हुतात्म्यांना अभिवादन करायला लोक जमतात.

त्या लढ्यातूनच पुढं ‘साडेबारा टक्के’ योजना आली. ज्याची जमीन घेतली, त्याला तिच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत द्यायची. शंभर गुंठे गेले, तर साडेबारा गुंठ्यांचा हिशेब. कमी वाटतं ना? पण त्याआधी एवढंही नव्हतं. इतर ठिकाणचे शेतकरी आपल्या मागण्या मांडताना आजही या योजनेचा दाखला देतात. दि. बा. २०१३ साली गेले. विमानतळाला त्यांचं नाव द्या, म्हणून २०२१ च्या जून महिन्यात हजारो माणसं रस्त्यावर आली होती. ती का आली, हे आता तुम्हांला कळलं असेल.

रंगलेला डाव: बंदर

आता खिडकीबाहेर बघा! लाल, निळ्या, हिरव्या, करड्या रंगाचे लोखंडी डबे एकावर एक रचलेले दिसतील. जणू एखाद्या राक्षसाच्या पोरानं ठोकळे मांडलेत. हे कंटेनर. एक वीस फुटांचा, एक चाळीस फुटांचा. बोटीवर बसणारा तोच डबा, मालगाडीवर आणि ट्रकवरही तसाच बसतो. मधे माल काढायचा-घालायचा नाही. साधी युक्ती, पण तिनं जगाचा व्यापार बदलला.

न्हावा आणि शेवा या दोन गावांच्या नावावरून ‘न्हावाशेवा’. २६ मे १९८९ ला हे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. २०२४-२५ या वर्षात इथून ७० लाखांहून जास्त कंटेनर गेले-आले, तेही वीस फुटी मापानं मोजून. देशातल्या मोठ्या बंदरांतून जाणाऱ्या कंटेनरपैकी सुमारे निम्मे एकटं हे बंदर हाताळतं. तुमच्या घरातला एखादा पंखा, खेळणं किंवा मोबाइलचा सुटा भाग इथूनच आला असण्याची शक्यता आहे बरं का!

हा डाव रंगला खरा. पण बंदरासाठी शेवा कोळीवाडा १९८० च्या दशकात उठवावा लागला. त्या कुटुंबांना हनुमान कोळीवाडा म्हणून दुसरी जागा मिळाली. त्या जागेत निघाली वाळवी. दारं, खिडक्या, वासे, कपडे, वाळवीनं काही सोडलं नाही. आम्हांला नीट जागा द्या, ही त्यांची मागणी कितीतरी वर्षं चालू राहिली. जिंकलेल्या डावातही कुणीतरी हरलेलं असतं, मुलांनो. ते पाठ्यपुस्तकातल्या आकड्यांत दिसत नाही.

फसलेला डाव: सेझ

आता तो मोठा डाव. चीननं १९८० साली शेन्‌झेनसारख्या ठिकाणी विशेष आर्थिक क्षेत्रं काढली. कर कमी, नियम सोपे, परदेशी माल पाठवणाऱ्या कारखान्यांना पायघड्या. शेन्‌झेनचं बघता बघता महानगर झालं. भारतानंही २००० साली असं धोरण आणलं आणि २००५ साली कायदा केला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘सेझ’ म्हणू लागले.

बंदराच्या शेजारीच असं क्षेत्र काढायचं, यापेक्षा सोयीचं काय? द्रोणागिरी, उलवे आणि कळंबोली इथं नवी मुंबई सेझ ठरलं. त्यात खाजगी कंपनीचा वाटा ७४ टक्के आणि सिडकोचा २६ टक्के. त्याशिवाय दुसरं, त्याहून कितीतरी मोठं महामुंबई सेझ उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतल्या ४५ गावांत आखलं गेलं. कारखाने येणार, लाखोंना नोकऱ्या मिळणार, म्हणून गाजावाजा झाला.

मग काय झालं? महामुंबई सेझच्या वाटेत शेतकरी उभे राहिले. प्रा. एन. डी. पाटलांसारखे जुने जाणते नेते त्यांच्याबरोबर होते. पेण तालुक्यातल्या बावीस गावांना हेटवणे धरणाचं पाणी मिळायचं होतं. लोक म्हणाले, ‘धरण आमच्या शेतीसाठी बांधलंत, आता पाणी यायच्या वेळी शेतीच मागता?’ २१ सप्टेंबर २००८ ला सरकारनं त्या गावांत चक्क मतदान घेतलं. जमीन द्यायची का? म्हाताऱ्या आज्यासुद्धा रांगेत उभ्या राहिल्या. बहुतेकांचा कौल ‘नाही’ असाच होता. पुढं तो प्रकल्प गुंडाळला गेला.

द्रोणागिरीचं सेझ असं एका दिवसात मोडलं नाही, ते रेंगाळत गेलं. इथं जमीन तर आधीच सिडकोच्या ताब्यात होती. पण सखल जमिनीवर भराव घालायचा, रस्ते करायचे, रेल्वेचा पत्ता नाही. तेवढ्यात २००८ ची जागतिक मंदी आली. परदेशातली मागणी आटली. २०११ साली सेझच्या करसवलतींनाही कात्री लागली. ज्या झपाट्यानं कारखाने येतील म्हटलं होतं, त्या झपाट्यानं काही ते आले नाहीत. शेवटी मार्च २०१८ मध्ये सरकारनं सेझ बदलून त्याचं एकात्मिक औद्योगिक क्षेत्र करायला मंजुरी दिली. डिसेंबर २०२४ मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजनं त्या कंपनीतला ७४ टक्के वाटा सुमारे १,६२८ कोटी रुपयांना घेतला. म्हणजे पट तोच, नियम नवे, डाव पुन्हा मांडलेला.

आता तुम्हीच विचार करा. संगणकातला खेळ फसला, तर कंपनीचे पैसे बुडतात, खेळणाऱ्यांचा हिरमोड होतो. फार तर ‘पुन्हा सुरू करा’चं बटण दाबायचं. इथं मात्र भातशेती एकदा भरावाखाली गेली, की बांध आणि उघाडी परत येत नाहीत. दहा-पंधरा वर्षं जमीन पडून राहिली, तर ज्याची ती होती त्याच्या घरात एक पिढी शेतीही न शिकता आणि नोकरीही न मिळता मोठी होते.

आणि ते घराचं वाक्य आठवतंय ना? नवं शहर मांडताना गावांच्या गावठाणांभोवती रेघ मारली गेली. पण माणसं वाढतात, मुलांची लग्नं होतात, घर पुरत नाही. लोकांनी गावठाणाबाहेर, कधीकाळच्या आपल्याच जमिनीवर खोल्या बांधल्या. कागदावर त्या ठरल्या अनधिकृत. ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ हे शब्द तुम्ही इकडच्या वर्तमानपत्रांत नेहमी वाचाल. त्यामागची गोष्ट ही अशी आहे. स्टेशनांना नोडची नव्हे, आमच्या गावांची नावं द्या, अशी मागणीही गावकऱ्यांनी केली. आपल्या गावाचं नाव तरी पाटीवर राहावं, एवढंच.

शेवटचं स्टेशन

घ्या, आलं उरण! उतरा सावकाश. इथं विमला तलावाच्या काठावर थोडं बसा. समोर दिसतो द्रोणागिरीचा डोंगर. हनुमान द्रोणागिरी पर्वत घेऊन चालला असताना त्याचा एक तुकडा इथं पडला, असं उरणकर सांगतात. डोंगरावर किल्ल्याचे अवशेष आहेत. पायथ्याकडं ओएनजीसीचा प्रचंड प्रकल्प. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल सापडलं, त्या बॉम्बे हायचं तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून इथं येतो.

वेळ असेल तर चिरनेरला जाऊन या. २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात इथं गोळीबार झाला होता. हुतात्म्यांचं स्मारक आहे. थंडीत आलात तर पाणजे गावाजवळच्या पाणथळीत पक्षी बघा, नशीब असेल तर गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवेही दिसतील. परत जाताना रेल्वेनं जाऊ नका, मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच धरा. फक्त भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. गाळ इतका साचलेला असतो, की मोठ्या ओहोटीला लाँच बंद ठेवावी लागते. उरणकर अजूनही घड्याळाबरोबर चंद्राकडं बघून प्रवास करतात, असं म्हणायला हरकत नाही!

लाँचमधून एका बाजूला घारापुरीचं बेट दिसेल. मुंबईच्या इतकं जवळ असूनही तिथं समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज यायला २०१८ साल उजाडलं. आणि लांबवर दिसेल अटल सेतू, शिवडीपासून चिर्ल्यापर्यंत २१.८ किलोमीटरचा. मोठमोठी कामं इथं होतात, उशिरा का होईना होतात. ती होऊ नयेत असं मी म्हणणार नाही. मलासुद्धा ही गाडी आवडते.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावाचा किंवा वॉर्डाचा नकाशा चौकटीच्या वहीत काढा. त्यात नवा रस्ता, नवं मैदान, जे हवं ते पेनानं दाखवा. पण त्याआधी आजी-आजोबांना विचारून, तिथं पूर्वी काय होतं आणि कोण राहत होतं, ते पेन्सिलीनं लिहून घ्या. आणि ती पेन्सिलीची अक्षरं खोडू नका.